पुस्तके वाचून संपली; आता हाताला काय काम द्यावे?

कोपऱ्यातली_वाचक (प्रश्न)

सर्वांना नमस्कार.

मी परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यातील एका गावात राहते. कला शाखेची पदवी घेऊन झाली आहे आणि सध्या घरी राहूनच स्पर्धा परीक्षेची तयारी चालू आहे. सकाळ-संध्याकाळ अभ्यासात जाते. प्रश्न आहे तो दुपारी जेवणे उरकल्यापासून ऊन उतरेपर्यंतच्या आणि रात्रीची आवराआवर झाल्यापासून झोप येईपर्यंतच्या वेळेचा. हा वेळ मी आजवर वाचनातच घालवत आले.

गावात 'ड' वर्गाचे सार्वजनिक वाचनालय आहे. तिथल्या कथा-कादंबऱ्या, चरित्रे आणि प्रवासवर्णने वाचून झाली, त्यांतील काही पुन्हा वाचली. आता उरले आहेत ते शासकीय अहवाल, शेतीविषयक पुस्तिका आणि एका कपाटात कोंबून ठेवलेली फाटकी पुस्तके, जी कोणालाच घरी दिली जात नाहीत. नवी पुस्तके अनुदान हाती पडेल तेव्हा येतात. परभणीहून विकत आणायची म्हटली, तर एसटीचे जाण्यायेण्याचे भाडे पुस्तकाच्या किमतीला टेकते.

मात्र माझी अडचण केवळ पुस्तकांच्या तुटवड्याची नाही. एवढे वाचूनही आपल्या हातून काही घडत नाही, असे अलीकडे फार वाटू लागले आहे. कविता करून पाहिल्या, पण त्या वाचलेल्या कवितांच्याच वळणावर जातात. भरतकाम येते, त्यात जीव रमत नाही. चित्रकला बेताची. मोबाइलवर तासन्‌तास घालवणे मला सहज जमते, आणि सहज जमते म्हणूनच ते नको आहे. घरची मंडळी समजूतदार आहेत, तरी वाचन सोडून दुसरे काही करायला बसले की "याचा परीक्षेत काय उपयोग?" हा प्रश्न येतोच.

तेव्हा विचारायचे आहे ते असे: ज्यांचा पिंडच वाचनाचा आहे, अशी माणसे पुस्तक मिटल्यावर विरंगुळा म्हणून काय करतात? खर्च फार नसावा, घरात बसून करता यावे, मध्येच वीज गेली तरी अडू नये आणि शक्यतो वाचनाशी त्याचे काही नाते असावे. आपण स्वतः जे करता तेच सांगावे, ही विनंती.

निवृत्त_ग्रंथपाल

पोरी, प्रश्न नीट मांडलास, आणि त्याचे उत्तरही त्यातच लिहून ठेवले आहेस. ते फाटक्या पुस्तकांचे कपाट! वाचनालयाच्या सचिवांना गाठ आणि त्यांतली चार पुस्तके दुरुस्तीसाठी मागून घे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा. त्याखाली 'अ' ते 'ड' वर्गांना अनुदान मिळते, पण 'ड' वर्गाच्या वाट्याला येते त्यात वर्तमानपत्रे, सेवकाचे मानधन आणि थोडी नवी खरेदी भागवता भागवता वर्ष सरते. जुन्या पुस्तकांच्या बांधणीसाठी पैसा उरत नाही, त्यामुळे चांगली चांगली पुस्तके कपाटात सडत पडतात. मी अंबाजोगाई परिसरात आयुष्यभर हेच पाहिले आणि हेच काम केले. निवृत्तीनंतरही माझ्या दुपारी त्यातच जातात.

सामान अगदी थोडे लागते. दाभण, जाड सुई, पांढरा मजबूत दोरा, पुठ्ठा, कण्यावर लावायला बक्रम (बांधणीचे ताठ कापड) किंवा जुन्या सुती धोतराची पट्टी, बोटभर रुंदीचा ब्रश आणि मैद्याची खळ. एक वाटी मैदा पाच-सहा वाट्या गार पाण्यात गुठळी न राहता कालवावा आणि मंद आचेवर ढवळत राहावे. पांढरेपणा जाऊन खळ काचेसारखी दिसू लागली की उतरवावी. पातळ पिठल्याइतकी घट्ट हवी. पूर्वी आम्ही कसर लागू नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद घालत असू, पण मोरचूद विषारी असते. घरात लहान लेकरे असतील तर ते आणूच नये. त्यापेक्षा थोडी थोडी ताजी खळ करावी आणि उरलेली टाकून द्यावी.

आता पुस्तक हातात घेऊन आधी त्याची बांधणी ओळखावी. कण्याच्या वरच्या टोकाकडून पाहावे. पानांचे दुमडलेले जुडगे दिसले, म्हणजे एकेक फर्मा सुटा दिसला, तर ते पुस्तक शिवलेले आहे आणि पुन्हा शिवता येते. सगळी पाने सुटी कापून नुसत्या डिंकाने चिकटवलेली दिसली, तर ते शिवण्याजोगे नाही; त्याला कडेच्या समासातून दाभणाने भोके पाडून टाके घालावे लागतात, आणि मग ते पूर्वीइतके सपाट उघडत नाही. समास अरुंद असेल तर अक्षरेच शिवणीत जातात, म्हणून अशा पुस्तकाला शक्यतो हात लावू नये.

शिवलेल्या पुस्तकाचे काम मात्र सुखाचे असते. फर्मे वेगळे करावेत, जुना वाळलेला सरस हलक्या हाताने खरवडून काढावा, दुमडीवर फाटलेल्या पानांना पातळ पांढऱ्या कागदाची अर्ध्या बोटाची पट्टी खळीने लावावी आणि वजनाखाली रात्रभर ठेवावे. वजनाला आमच्याकडे पाटा असायचा, आता विटा असतात. दुसऱ्या दिवशी जुन्याच भोकांतून नवा दोरा ओवावा. नवी भोके पाडली तर कागद दुबळा होतो. एका फर्म्याचा टाका संपला की दोरा खालच्या फर्म्याच्या टाक्यात अडकवून मगच वर चढावे. या गाठीवरच सगळे पुस्तक उभे असते.

पुठ्ठा कापताना कागदाच्या तंतूंची दिशा पाहणे हे या कलेचे खरे मर्म आहे. पुठ्ठा दोन्ही हातांनी आधी लांबीकडून आणि मग रुंदीकडून किंचित वाकवून पाहावा. ज्या बाजूने तो सहज वाकतो, ती वाकण्याची रेषा पुस्तकाच्या कण्याला समांतर यावी. हे चुकले तर खळ वाळताना पुठ्ठा उलटा फिरतो, आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात तर तो असा फिरतो की पुस्तक मिटतच नाही. त्याच उन्हात खळ ब्रशवरच वाळू लागते, म्हणून उन्हाळ्यात हे काम दुपारी न करता रात्री करावे. पावसाळ्यात याच्या उलट; चिकटवलेले नीट वाळल्याखेरीज कपाटात ठेवू नये, बुरशी धरते.

आणि चिकटपट्टीला हात लावू नकोस. ती वर्ष-दोन वर्षांत पिवळी पडते, तिचा चिकटा कागदात उतरतो आणि मग तो डाग कोणाच्या बापाला काढता येत नाही. कपाटात वेखंडाचे तुकडे ठेव.

घरच्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी देणार नाही, ते तुझे तू दे. पण एक लक्षात ठेव, दुरुस्त केलेले पुस्तक पहिल्यांदा वाचायला तुलाच मिळते. तुझा पुस्तकांचा तुटवडाही त्यातून थोडा भागेल.

कोडेबहाद्दर

ग्रंथपाल काकांनी अगदी अनुभवाचे लिहिले आहे. माझा छंद त्यामानाने फुकटचा. चौकटींची वही आणि पेन्सिल एवढ्यावर भागतो. मी नांदेडला नोकरी करतो आणि रोज रात्री शब्दकोडी रचतो. सोडवत नाही, रचतो. फरक मोठा आहे. कोडे सोडवताना दुसऱ्याच्या डोक्यात शिरायचे असते, रचताना सबंध भाषा उपसावी लागते, आणि आयुष्यभर वाचलेले सगळे तिथे उपयोगी पडते.

मराठी कोड्यात एका घरात एक पूर्ण अक्षर बसते, काना-मात्रा-वेलांटीसह, जोडाक्षरासह. त्यामुळे आडवा आणि उभा शब्द ज्या घरात भेटतात, तिथे दोघांचे अक्षर मात्रेसकट तेच असावे लागते. 'रस्ता' या शब्दातील 'स्ता' आणि 'शिस्त' मधील 'स्त' जुळत नाहीत. या एका अटीमुळे सगळी गंमत येते. उदाहरणादाखल एक छोटा कोपरा देतो. दुसऱ्या ओळीत पहिल्या घरापासून 'पुस्तक' लिहा: पु, स्त, क. आता मधल्या 'स्त' मधून वरून खाली जाणारा शब्द हवा, ज्याच्या पोटात नेमका 'स्त' आहे. 'विस्तव' बसतो. वि पहिल्या ओळीत, स्त दुसऱ्या, व तिसऱ्या. मग 'पुस्तक' मधल्या 'क' पासून खाली 'कणीस' सोडा. आता तिसरी ओळ पाहा. 'विस्तव' चा 'व' आणि 'कणीस' चा 'णी' शेजारी आले आहेत आणि कोणी न बोलावता 'वणी' हे गाव येऊन बसले आहे. असे आपोआप घडले की झोप उडते.

सुरुवात सात बाय सातच्या चौकटीने करावी. क, र, न, म, स, ल, व अशी मात्रा नसलेली अक्षरे भेटीच्या जागी यावीत असा प्रयत्न करावा. दीर्घ ईकार आणि आकार शेवटच्या घरात ढकलावेत, कारण मराठीत त्या स्वरांनी संपणारे शब्द उदंड आहेत. काळी घरे समोरासमोरच्या कोपऱ्यांत सारखी पडली तर कोडे देखणे दिसते. इंग्रजी कोड्यांत ती सममिती फार कसोशीने पाळतात. आपण नवखे असताना तिच्यासाठी चांगला शब्द मारू नये, असे माझे मत आहे.

संकेत लिहिणे हा वेगळाच आनंद आहे. 'विस्तव' साठी 'अग्नी' असा संकेत कोणीही देईल. मी लिहिले होते, 'पटत नसलेल्या दोघांमधून हा जात नाही'. वाक्प्रचार, म्हणी, शेतीची अवजारे, स्वयंपाकाची भांडी, संतांची गावे, सगळे संकेतांत आणता येते. तुमच्या भागातील येळवस, आंबील, येसर, धपाटे, माळवद हे शब्द मुंबई-पुण्याच्या कोड्यांत कधी दिसत नाहीत. ते तुम्ही आणा. फक्त सोडवणारा जिंतूरचा असो की रत्नागिरीचा, संकेत त्याच्या हाती काहीतरी देणारा असावा.

गावातल्या शाळेत फळ्याच्या कोपऱ्यात आठवड्याला एक कोडे लिहायची परवानगी मिळते का ते पाहा. सोडवणारे मिळाले की रचणाऱ्याला हुरूप येतो. आणि परीक्षेच्या मराठी प्रश्नपत्रिकेत समानार्थी शब्द आणि वाक्प्रचार विचारतातच, एवढे घरी सांगून मोकळे व्हा.

फसली_सन

मी बीडला वकिलांकडे कारकुनी करतो. माझा छंद मोडी लिपी. ज्याला वाचायची भूक आहे आणि नवी पुस्तके मिळत नाहीत, त्याने जुन्या कागदांकडे वळावे, कारण मराठवाड्यातील पुष्कळ जुन्या घरांत एखादी पत्र्याची पेटी असते आणि तीत कोणीच न वाचलेले कागद असतात.

मोडी दिसते तितकी अवघड नाही, पण तिचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. लिहिणारा आधी कागदावर आडवी रेघ ओढून घेई आणि मग त्या रेघेला अक्षरे लटकवत जाई. हात शक्य तितका न उचलता लिहायचे, म्हणून अक्षरे एकमेकांत वळतात. दोन शब्दांत जागा सोडलेली नसते, विरामचिन्हे नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. त्यामुळे एकेक अक्षर लावत बसण्यापेक्षा आधी ओळखीचे शब्द शोधावेत. जमिनीच्या किंवा देण्याघेण्याच्या कागदांत 'मौजे', 'परगणे', 'बिन' आणि 'वलद' (दोन्हींचा अर्थ अमक्याचा मुलगा), 'रुपये' हे शब्द हमखास येतात. आकडे देवनागरीच्या जवळचे असतात. गावाचे आणि पूर्वजांचे नाव आपल्याला ठाऊकच असते. एवढ्या खुणा सापडल्या की मधली अक्षरे हळूहळू उलगडतात, आणि त्या लेखनिकाच्या हाताची सवय झाली की त्याच पेटीतला दुसरा कागद पुष्कळ लवकर वाचून होतो.

आपल्या भागात आणखी एक अडथळा येतो आणि तोच मला सर्वांत रंजक वाटतो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. तिथला सरकारी कारभार उर्दूत चाले आणि तारखा फसली सनात, म्हणजे महसुली कालगणनेत, पडत. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सनाच्या एका वर्षाच्या आत आपण पोहोचतो. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. महिन्यांची नावे आजूर, बहमन, खुर्दाद, मेहर अशी पारशी वळणाची. एकाच पेटीत वरचा कागद उर्दूत, खालचा मोडीत आणि त्याखालचा देवनागरीत, असे सहज सापडते. उर्दू वाचणारे एखादे वयस्कर गृहस्थ जवळपास असतील तर त्यांच्याकडे बसावे. अशा लोकांना विचारणारे कोणी राहिलेले नाही, ते हौसेने सांगतात.

शिकण्यासाठी रेघी वहीत रोज एक पान बाराखडी गिरवावी. बोरू किंवा कट निबचे पेन मिळाले तर वळणे चांगली साधतात, नाही मिळाले तर साध्या बॉलपेनने काही अडत नाही. राज्याच्या पुराभिलेख विभागाचे छत्रपती संभाजीनगरला कार्यालय आहे आणि हा विभाग मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेत असतो. जाणे जमले तर पुढचा रस्ता सोपा होतो. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंचात, स्थान मिळाले, पण आपला आनंद हाताने लिहिण्यातच आहे.

दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. जुन्या कागदाला प्लास्टिकचे आवरण चढवू नये, त्यात तो कायमचा अडकतो. सावलीत सपाट ठेवून छायाचित्र घ्यावे आणि वाचन त्यावरून करावे. आणि शेजाऱ्यापाजाऱ्याने जमिनीच्या वादातला कागद वाचायला आणून दिला, तर नम्रपणे नाही म्हणावे. ते काम अधिकृत मोडी जाणकाराचे असते. हौशी वाचनावरून दोन भाऊबंद कोर्टात गेलेले मी कामाच्या ठिकाणी पाहतो.

गंगाकाठ

वरच्या तिघांचे वाचून एक गोष्ट खटकली, म्हणून लिहिते. सगळे विरंगुळे एकट्याने, मान खाली घालून करण्याचे आहेत. मुलगी दिवसभर पुस्तकात असते. तिला थोडे माणसांतही बसू द्या.

मी गंगाखेडला शाळेत शिकवते. हे संत जनाबाईंचे गाव, त्यामुळे दळण-कांडणाची गाणी इथल्या बायकांना वेगळी शिकवावी लागत नाहीत. माझा छंद म्हणजे साठी उलटलेल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या ऐकणे आणि उतरवून घेणे. जाती गेली, पिठाच्या गिरण्या आल्या, पण ओव्या अजून पुष्कळ जणींच्या तोंडी आहेत. 'पारी' या संकेतस्थळावर अशा एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह आहे आणि त्यात आपल्या माजलगावच्या बायकांनी गायलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्याही आहेत. तो जरूर पाहा, पण आपल्या गल्लीतल्या आजीची ओवी त्यात असेलच असे नाही.

पद्धत साधी आहे. "गाणे म्हणा" असे सांगून बसले की बाई लाजते आणि "मला काही येत न्हाई माय" म्हणून उठून जाते. शेंगा फोडायला किंवा डाळ निवडायला सोबत बसावे. हात चालू लागले की ओठही चालू लागतात. आधी विचारून मगच ध्वनिमुद्रण करावे. लिहिताना गाणारीने जसे म्हटले तसेच लिहावे. 'रुखमीन' म्हटले असेल तर 'रुक्मिणी' करू नये. खाली गाणारीचे नाव, माहेर, सासर आणि ही ओवी ती कोणाकडून शिकली ते टिपावे. माहेरची टीप महत्त्वाची, कारण ओव्या लग्न करून गावोगाव जातात. एकाच ओवीचे दोन बायकांकडचे दोन पाठ मिळाले तर दोन्ही ठेवावेत, बरोबर कोणता हे ठरवत बसू नये.

काही ओव्या सासूविषयी, दिराविषयी, नवऱ्याच्या माराविषयी असतात. त्या वहीत राहू द्याव्यात. घरात किंवा गावात वाचून दाखवण्याआधी त्या बाईला विचारावे.

घ_की_ध

ताईंना मोबाइल नको आहे हे वाचले, तरी थोडक्यात एक सुचवतो. मी लातूरला असतो आणि मराठी विकिस्रोतावर, म्हणजे इंटरनेटवरच्या मुक्त ग्रंथालयात, जुन्या पुस्तकांचे मुद्रितशोधन करतो. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क असतो. तो संपलेली पुस्तके तिथे पानोपान चढवलेली असतात. एका बाजूला छापील पानाचे चित्र, दुसऱ्या बाजूला यंत्राने ओळखलेला मजकूर. यंत्र 'घ' ला 'ध' आणि 'भ' ला 'म' वाचते, ते आपण सुधारायचे. एकाने तपासलेले पान पिवळे होते आणि दुसऱ्याने पुन्हा तपासले की हिरवे. वाचनालयात संगणक आणि इंटरनेट असेल, तर आठवड्यातून एखादी दुपार द्यायला हे काम फार छान आहे, आणि वाचायला नवी, म्हणजे खरे तर जुनीच, पुस्तके मिळतात.

उगाच_एक

सगळ्यांचे सल्ले मोलाचे आहेत, पण त्यांतून एक वास येतो आणि तो मला सांगावासा वाटतो. फाटकी पुस्तके वाचवा, लिपी वाचवा, ओव्या वाचवा! एका मुलीच्या दुपारच्या दोन तासांवर सगळ्या मराठवाड्याचा ठेवा सांभाळण्याची जबाबदारी टाकून मोकळे झालात. घरचे विचारतात "परीक्षेत काय उपयोग?" आणि आपण विचारतो "समाजाला काय उपयोग?" मुलीने जायचे कुठे?

मी काय करतो ते सांगतो. मी पोस्टकार्डे लिहितो. ५० पैशांना एक मिळते. जालन्याच्या माझ्या वर्गमित्राला मी कार्डावर एका गोष्टीची सुरुवात लिहून पाठवतो, तो पुढचा भाग लिहून पाठवतो, मग पुन्हा मी. कार्डाच्या जागेत मावेल तेवढेच लिहायचे, आणि शेवटच्या ओळीत समोरच्याला पेचात टाकायचे, एवढाच नियम आहे. आमच्या नायकाला मित्राने मागच्या कार्डात विहिरीत ढकलले आहे आणि विहिरीला पायऱ्या नाहीत असेही मुद्दाम लिहिले आहे. या गोष्टी कोठे छापायच्या नाहीत, कोणाला दाखवायच्या नाहीत. पोस्टमन मात्र वाचतो, आणि पुढे काय झाले ते दारात उभा राहून विचारतो.

कविता वाचलेल्या कवितांसारख्या होतात, म्हणून ताईंनी त्या सोडल्या. होऊ द्याव्यात. दुसऱ्याच्या वळणावर लिहिणे हासुद्धा एक खेळच आहे, आणि तो कोणाला दाखवायचा नसेल तर त्यात उणे काय?

कोडेबहाद्दर

उगाच_एक यांच्याशी निम्मा सहमत. मी परीक्षेच्या उपयोगाचे लिहिले ते घरच्यांची तोंडे बंद करण्यासाठी. मला स्वतःला कोड्यांचा काडीचा उपयोग झालेला नाही. पण ग्रंथपाल काका किंवा गंगाकाठ ताई ओझे टाकत आहेत असे मला वाटत नाही. त्यांना त्यात मजा येते, हे त्यांच्या लिहिण्यातून स्पष्ट दिसते. उपयोग झाला म्हणून मजा कमी होते, असेही नाही.

बाय द वे, नायकाच्या विहिरीत मोटेचा सोल, म्हणजे दोर, असेलच की.

कोपऱ्यातली_वाचक

सर्वांची मनापासून आभारी आहे. इतकी सविस्तर उत्तरे मिळतील असे वाटले नव्हते. उगाच_एक यांचे उत्तर आईला वाचून दाखवले. ती हसली आणि पोस्टकार्डे आणायला पैसे दिले. गंगाखेडला माझी मावसबहीण आहे, तिला पहिले कार्ड टाकले आहे.

वाचनालयाच्या सचिवांनी रजिस्टरमध्ये नोंद करून चार पुस्तके दुरुस्तीला दिली. त्यांतली तीन काकांनी सांगितल्याप्रमाणे फर्म्यांची, शिवलेली आहेत. चौथे निराळे निघाले. ते लेण्यांवरचे सचित्र पुस्तक आहे, कागद गुळगुळीत आणि चकाकणारा. पावसाळ्यात छप्पर गळून ते भिजले असावे, कारण मधली आठ-दहा पाने एकमेकांना घट्ट चिकटून बसली आहेत. ती पाण्याच्या वाफेवर धरून सोडवावीत का? शिवाय पट्टी लावायला पातळ पांढरा कागद इथे मिळत नाही; त्याऐवजी काय वापरावे?

फसली_सन दादा, आमच्याकडे पेटी नाही, पण चुलत आजोबांकडे आहे असे कळले आहे. किल्ली कोणाकडे आहे यावर सध्या घरात चर्चा चालू आहे.

निवृत्त_ग्रंथपाल

वाफ अजिबात देऊ नकोस. गुळगुळीत कागदावर चिनी मातीसारख्या पांढऱ्या मातीचा थर असतो आणि त्याच थरावर चित्र छापलेले असते. तो भिजला की चिकट होतो आणि वाळला की समोरच्या पानाला धरून ठेवतो. आता पुन्हा वाफ दिली तर थर सुटून चित्र अर्धे या पानावर आणि अर्धे त्या पानावर येईल. एकदा वाळून चिकटलेली अशी पाने सुटणे फार कठीण. कडेने सहज सुटत असेल तेवढाच भाग बोथट सुरीने, कोरडाच, सोडवून पाहावा. जिथे अडेल तिथे थांबावे. बाकीचे पुस्तक शाबूत असेल, तर ती आठ पाने चिकटलेली राहू देऊन बांधणी करावी आणि सुरुवातीच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने तसे लिहून ठेवावे. पुढे कधी कोणते पुस्तक भिजलेले सापडले, तर वाळण्याआधीच पाना-पानांत कोरा कागद घालावा आणि तो सतत बदलत राहावा.

पट्टीसाठी चपलांच्या किंवा कपड्यांच्या खोक्यात जो पांढरा मऊ कागद गुंडाळलेला असतो, तो चालेल. रंगीत घेऊ नकोस, खळीने रंग सुटतो. नक्षी किंवा छपाई असेल तोही नको. परभणीला कोणी जाणार असेल तर बाइंडिंगवाल्याच्या दुकानात बक्रमचे कातरण मागायला सांग, पुष्कळदा ते फुकट देतात. शिवायला सुरुवात त्या तिघांतील सर्वांत पातळ पुस्तकापासून कर, आणि पहिला फर्मा शिवून झाला की दुसरा जोडण्याआधी दोरा ओढून सैल राहिला नाही ना ते पाहा.